साळूकडे ठेवलेला फोन

माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यातून एक चीर गेली आहे आणि माझी बॅटरी आता दुपारपर्यंतही टिकत नाही. मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. पनवेलमधल्या एका फ्लॅटच्या कपाटात, टॉर्च आणि मापाच्या टेपशेजारी, माझा मुक्काम असतो. आठवड्यातून एकदा मला कोणीतरी चार्जिंगला लावतं. तेवढ्या वेळात मी माझी हकिकत सांगून घेतो. तशी ती माझ्या एकट्याची नाही. दोन बायकांची जास्त आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पट्ट्यावरून पुढे सरकताना हातमोजे घातलेली पुष्कळ बोटं मला लागली, एवढंच त्यातलं आठवतं. सात वर्षांपूर्वी सत्यजीत नावाच्या तरुणाने मला टपाल नाक्याजवळच्या एका दुकानातून आपल्या आईसाठी विकत घेतलं. तो आणि त्याची बायको ऋचा नोकरीसाठी नेदरलँड्सला, आइंडहोव्हन नावाच्या गावी निघाले होते. निघण्यापूर्वी त्याने आईचं सिम माझ्यात घातलं, तिचं ईमेल उघडून दिलं, पासवर्ड स्वतःच ठरवला आणि आईला सगळं तीनदा समजावून सांगितलं. मग तो गेला. त्याच्या आईकडे मी राहिलो.

आईचं नाव कुमुद गुप्ते. त्यांनी तीस वर्षं पोस्टात काउंटरवर काम केलं होतं. शेजारीपाजारी त्यांना कुमुदबाई म्हणत. त्यांच्याकडे मी फार नीटनेटका राहिलो. रोज सकाळी त्या मला चष्म्याच्या फडक्याने पुसत आणि दर रविवारी दुपारी माझ्यातून सत्यजीतशी बोलत. तो विचारी, "बरी आहेस ना?" त्या म्हणत, "अगदी ठणठणीत." मग दोघं हवेबद्दल बोलत.

तीन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा मुलाकडे गेल्या, तेव्हा मला बरोबर नेलं होतं. विमान उतरलं, सगळ्यांनी आपापले फोन सुरू केले आणि सगळीकडे टिंगटिंग सुरू झाली. मी मात्र गप्प. परदेशात नंबर चालावा म्हणून निघण्याआधी रोमिंग सुरू करावं लागतं, हे बाईंना ठाऊक नव्हतं आणि सत्यजीत सांगायला विसरला होता. तो विमानतळाच्या एका दाराशी उभा होता, बाई दुसऱ्या दाराशी. त्यांनी सात वेळा माझ्यावरून त्याला फोन लावला आणि सातही वेळा मी नेटवर्क नसल्याचं सांगितलं. शेवटी एका अनोळखी बाईने स्वतःचा फोन दिला तेव्हा माय-लेकरांची गाठ पडली. घरी वायफायवर मी चाललो, पण माझा नंबर अडीच महिने मुका होता. बँकेचे निरोप आले नाहीत, पेन्शनचं एक काम त्यामुळे अडकून पडलं. बाईंनी ते मनात ठेवलं.

म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्यांदा जायची वेळ आली तेव्हा त्यांनी वेगळंच ठरवलं. सत्यजीतने त्यांच्यासाठी नवा फोन पाठवला होता. तो म्हणाला, "आई, रोमिंग सुरू केलं की तुझ्या नंबरवरचे मेसेज इथेही येतील."

"मागच्या वेळी नाही आले," बाई म्हणाल्या. "माझा नंबर इथेच राहू दे. नव्या फोनमध्ये तिकडचं कार्ड घालू."

"मग ओटीपी आला तर?"

"साळू वाचून दाखवेल."

सत्यजीतने हट्ट सोडला. मग म्हणाला, "तुझी मर्जी."

साळू सहा वर्षं बाईंकडे कामाला होती. माथेरानच्या पायथ्याला, नेऱ्याच्या पुढे तिची ठाकूरवाडी. नवरा कान्हा उलव्याला इमारतींच्या कामावर जाई, म्हणून दोघं पनवेलजवळच्या विचुंब्यात खोली घेऊन राहत. साळू आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकली होती. तिच्या वाडीच्या बोलीत बायकाही 'येतो', 'करतो' असंच म्हणतात. मराठी ती सावकाश वाचे. इंग्रजी अक्षरं तिला येत नसत, आकडे मात्र एका नजरेत वाचे.

निघण्यापूर्वी बाईंनी साळूचं सिमही माझ्या दुसऱ्या खणात घातलं. मला एका कापडी पिशवीत घालून पिशवी साळूच्या गळ्यात अडकवली आणि तिला समोर बसवलं.

"हे बघ, मी तिकडून फोन करून सांगेन की आता आकडा येतोय. सहा आकडे असतील. तेवढेच मला वाचून दाखवायचे. बाकी मेसेज उघडायचे नाहीत. दुसऱ्याचं पत्र आपण वाचत नाही, तसंच हे."

"आन दुसरं कोनी मागितलं तर?"

"नाही द्यायचे. कोणीही असो. मी माझ्या आवाजात मागितले तरच."

साळूने मान हलवली. मला त्या दिवशी थोडं वाईट वाटलं होतं. परदेशी जाणाऱ्या बॅगेत माझी जागा नव्या, पातळ, चकचकीत फोनने घेतली होती. मला वाटलं, आपलं काम संपलं. पण तसं नव्हतं. मी असा मागे राहिलो म्हणून तर बाईंची तिकडची कामं होऊ लागली. दर चार-सहा दिवसांनी त्यांचा फोन येई. साळू हातातलं काम टाकून, पदराला हात पुसून मला पिशवीतून काढी आणि एकेक आकडा वेगळा, स्पष्ट म्हणे. "चार. शून्य. नऊ. परत नऊ." पलीकडून बाई म्हणत, "झालं गं, पोचला." मग त्या लगेच फोन ठेवत नसत. कुंडीतल्या गवती चहाची चौकशी होई, तिकडे ट्यूलिपची शेतं कशी दिसतात ते त्या सांगत. साळू म्हणे, "खात नाय ना ती फुलं? मग एवढी लावायची कशाला?" आणि बाई हसत.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ती सत्यजीतला माहीत नव्हती. या दुसऱ्या प्रवासाच्या आधीच्या दिवाळीपूर्वी बाईंच्या छातीत धडधड होऊन त्यांना चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं होतं. हृदयाचे ठोके नीट पडत नव्हते. रक्त पातळ राहावं म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एक गोळी लावून दिली. ते चारही दिवस साळू दवाखान्यात बाईंच्या खाटेजवळ खाली चटईवर झोपली. रविवार मध्येच आला. बाईंनी मुलाला सांगितलं, "मी चिरनेरला मैत्रिणीकडे आले आहे, इथे रेंज नाही, नंतर बोलू." फोन ठेवल्यावर त्या साळूला म्हणाल्या, "तू पण सांगायचं नाहीस. तो तिकडून येऊ शकत नाही. नुसता घोर लागेल त्याला."

तेव्हापासून गोळ्या आणायचं काम साळूचं. पाकिटावरचं इंग्रजी नाव तिला वाचता येत नसे, म्हणून तिने माझ्याकडून पाकिटाचा फोटो काढून घेतला होता. औषधांच्या दुकानात मला नेऊन ती तोच दाखवी. परदेशी जाताना बाईंनी सगळ्या गोळ्या पाकिटांतून काढून एका साध्या डबीत भरल्या. मुलाने नाव वाचू नये एवढाच त्यांचा हेतू होता.

बाईंना जाऊन तीन आठवडे झाले असतील. साळू गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी वाजलो. एक माणूस घाईघाईने बोलू लागला, "मी तुमच्या मॅडमचा मुलगा बोलतोय. त्यांचा ॲक्सिडेंट झालाय, त्या बोलू शकत नाहीत. आता एक नंबर येईल, तो मला सांगा, लवकर."

साळूच्या हातातला चिमटा खाली पडला. पण ती म्हणाली, "बाईंशी बोलून सांगतो," आणि तिने फोन बंद केला. लगेच बाईंना लावला. बाई मजेत होत्या, मटार सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "चोर होता तो. साळू, तू फार शहाणी आहेस. पुढेही असंच कर. सत्यजीत म्हणून कोणी मागितलं तरी द्यायचा नाही."

त्या शब्दांमुळेच एप्रिलमधली ती दुपार इतकी अवघड झाली.

कान्हाच्या भाचीची हळद होती, म्हणून दोघं दोन दिवस वाडीवर आली होती. मी साळूच्या गळ्यात होतोच. वाडीवर माझा जीव नेहमी कासावीस होई, कारण तिथे रेंज एक काडी, कधी तीही नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास बायका मांडवात हळद लावत होत्या आणि मी वाजलो. परदेशचा नंबर होता, पण बाईंचा नव्हे.

"साळूताई, मी सत्यजीत. आईच्या नंबरवर आता ओटीपी येईल. पटकन वाचून दाखवा."

आवाज तुटत होता. साळू मांडवाबाहेर आली. "बाईंना द्या."

"आई बोलू शकत नाही. ती जिन्यात पडली. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत."

साळूला चोराचा तो आधीचा फोन आठवला. तेच शब्द, तीच घाई. "बाईंचा आवाज ऐकल्याबिगर नाय सांगणार," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्याच वेळी माझ्यात ते सहा आकडे आले. दहा मिनिटं त्यांची मुदत होती. ते माझ्या काचेवर उजळले आणि विझले. तिने बाईंचा नंबर लावला. तो बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मग परत तो परदेशचा नंबर आला. या वेळी तो माणूस ओरडत होता. "अहो, तुम्हाला कळतंय का? माझी आई आहे ती."

रेंज गेली आणि आवाज मध्येच तुटला.

कान्हा जवळ आला होता. त्याने सगळं ऐकलं. "दे ना आकडा," तो म्हणाला. "खराच पोरगा असंल तर?"

"आन नसंल तर?"

"नसंल तर बाईचं पैसं जातील. जीव तर नाय जात."

साळूने मला पिशवीत टाकलं. मी तिच्या छातीवर होतो, तिची धडधड मला लागत होती. कान्हाचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण बाईंनी जे सांगितलं होतं, तेही तिच्या कानात होतं. मित्रांनो, खरं सांगतो, माझ्यात इतके सुटे भाग आहेत, पण त्या आवाजातला माणूस खरा की खोटा हे मलाही ओळखता येत नव्हतं.

"तोंड बघतो आधी," साळू म्हणाली. "त्यांच्या भिंतीवर फोटू हाय पोराचा. सहा वर्सं पुसतोय मी."

वाडीच्या मागच्या टेपाडावर पाण्याची टाकी आहे. तिथे रेंज मिळते. हळदीच्या हातांनी साळू ती चढण धावत चढली, पाठोपाठ कान्हा. टाकीजवळ मला दोन काड्या मिळाल्या. तिने त्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला.

चित्र आधी चौकोन चौकोन होऊन थांबलं, मग जुळून आलं. भिंतीवरच्या फोटोतला सत्यजीत होता, पण दाढी वाढलेला, डोळे लाल झालेले.

"बाई दाखवा," साळू म्हणाली.

त्याने फोन वळवला. पांढऱ्या खाटेवर कुमुदबाई होत्या. त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. डोळे उघडे होते, पण त्या कुठे बघत होत्या ते कळत नव्हतं. साळूच्या हळद लागलेल्या हातातून मी निसटू लागलो. कान्हाने तिच्या हाताखाली हात धरला, म्हणून मी दगडावर आपटलो नाही.

"सांगतो आकडा," ती म्हणाली. "पर तो आता जुना झाला असंल. नवा पाठवा. पन कशाला पायजे तो?"

"त्याने काय फरक पडतो? आईचं ईमेल उघडायचंय. तिचा फोन पडून फुटला."

"त्यात काय हाय?"

सत्यजीत चिडलाच. "डॉक्टर विचारतायत तिला काय औषधं चालू आहेत. मेंदूत गाठ अडकली आहे रक्ताची. ती विरघळवायचं इंजेक्शन तयार आहे. तिच्याकडे एक डबी सापडली, त्यातल्या गोळ्या कसल्या ते कोणालाच कळत नाही. ईमेलमध्ये काही कागद असतील म्हणून..."

"कागदात कशाला बघता," साळू म्हणाली. "मला विचारा ना."

सत्यजीतच्या मागे निळ्या कपड्यातली एक डॉक्टरीण उभी होती. तिला भाषा कळली नाही, पण ती पुढे वाकली.

न सांगण्याचा शब्द साळूने बाईंना दिला होता. तिने टाकीच्या भिंतीला हात टेकला, आणि मग एका दमात बोलून गेली. "बाईंना छातीचा त्रास हाय. त्या दिवाळीच्या आधी चार दिवस दवाखान्यात होत्या. रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाय, सकाळी एक, रातच्याला एक. गुलाबी, लांबट. कधी चुकवत नाय त्या. तुमाला सांगू नको म्हनल्या होत्या."

सत्यजीतने डॉक्टरिणीला सांगितलं. तिने काहीतरी विचारलं. तो पुन्हा माझ्याकडे वळला, आणि आता त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

"साळूताई, त्या गोळीचं नाव?"

"नाव वाचता नाय येत मला. फोटू हाय."

तो फोटो माझ्याजवळ होता. तिने तो शोधला आणि पाठवला. माझ्या काचेवर गोल फिरू लागला. एक काडी गेली. साळूने मला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं. चैत्राच्या उन्हात माझी पाठ तापली, बॅटरी सहा टक्क्यांवर आली. आयुष्यात मी असंख्य फोटो पाठवले आहेत, वाढदिवसाचे, सुप्रभातचे, कोणाच्या तरी नातवाचे. या एका फोटोसाठी मी जेवढा जोर लावला, तेवढा कधी लावला नव्हता. दोन खुणा उमटल्या. फोटो पोचला.

त्यानंतर मी बंद पडलो.

पुढचं मला नंतर कळलं. फोटो पाहताच डॉक्टरांनी तयार असलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं. रक्त आधीच पातळ असताना ते दिलं असतं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची मोठी भीती होती. त्यांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार मेंदूपर्यंत नेऊन ती गाठ बाहेर काढली. संध्याकाळी साळूने कोणाकडून तरी चार्जर मागून मला सुरू केलं, तेव्हा सत्यजीतचा निरोप बोलून ठेवलेला होता. "आई वाचली. साळूताई, मी तुमच्यावर ओरडलो." बस, एवढंच.

बाई पाच महिने तिकडेच राहिल्या. उजवा हात दुबळा झाला आणि बोलणं अडखळू लागलं. पहिल्यांदा त्या फोनवर आल्या तेव्हा साळूचं नाव त्यांना घेता येईना. त्या "सा, सा" करत राहिल्या आणि साळू इकडून म्हणत राहिली, "ऐकतो बाई, सावकाश." सहा आकड्यांचे फोन नंतरही आले, पण आता ते सत्यजीत करत असे. एकदा आकडा सांगून झाल्यावर साळू फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा. आई दवाखान्यात होती तेव्हा काय काय झालं, ते मला सगळं सांगाल?" तिने सांगितलं. पाऊण तास लागला. रात्री आई घाबरून तिचा हात धरत असे, हे ऐकल्यावर त्याने विचारलं, "तुमचा कोणता हात?" साळूला तो प्रश्न कळला नाही. मला वाटतं, त्याला ती रात्र डोळ्यांसमोर आणायची होती. पण तिने आठवून सांगितलं, "डावा."

बाई सप्टेंबरात पनवेलला परत आल्या. सत्यजीत स्वतः सोडायला आला होता. माय-लेकरांत त्या लपवण्यावरून एक दिवस भांडण झालं, दोघं रडली, आणि आता रविवारी बाई "ठणठणीत" म्हणत नाहीत. गुडघा दुखतो तर दुखतो म्हणतात. साळूला तिचा स्वतःचा नवा फोन आला, आणि मी कपाटात आलो.

मित्रांनो, तुम्ही परदेशी जाल तेव्हा रोमिंग सुरू करा, तिकडचं कार्ड घ्या, सगळी सोय करा. माझ्यासारख्यांना जपा, चार्जिंग संपू देऊ नका. पण ज्यांना मागे ठेवून जाता, त्यांच्याकडून फक्त आकडे मागू नका. त्यांना पुष्कळ काही ठाऊक असतं, आणि कोणी विचारलं नाही तर ते त्यांच्याजवळच राहतं.

गेल्या आठवड्यात मी चार्जिंगला होतो तेव्हा बाई टेबलाशी बसून दवाखान्याचा एक फॉर्म भरत होत्या, डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत. तातडीच्या वेळी कोणाला कळवावं, असा एक रकाना होता. त्यांनी साळूचं नाव आणि नंबर लिहिला. पुढचा रकाना नात्याचा होता. तिथेही त्यांनी सावकाश काहीतरी लिहिलं.

साळू भाजी निवडत होती. "काय लिवलं बाई?"

बाईंनी फॉर्म तिच्याकडे सरकवला. मराठीतच होता. साळूने बोट ठेवून, एकेक अक्षर सुटं करत वाचलं, "सगळं माहीत असलेली." मग तिने ओले हात पदराला पुसले, कागद नीट सरळ केला आणि बाईंसमोर परत ठेवला. म्हणाली, "खाली सही राहिली तुमची."